उएनोचें खुलें दालन

जपानमध्यें नवशिक्या चित्रकाराला लोकांपुढें येण्याचा मार्ग दीर्घकाळ परीक्षकांच्या हातीं होता. १९०७ सालीं शिक्षणखात्यानें सरकारी प्रदर्शन सुरू केलें. परीक्षकांनीं पसंत केलेलीं चित्रेंच तेथें लागत. १९१४ मध्यें कांहीं असंतुष्ट कलावंतांनीं ‘निका’ नांवाचें वेगळें मंडळ स्थापिलें; परंतु निवडीची पद्धति तेथेंही राहिलीच.

महायुद्धानंतर ही रीत मोडली. १९४९ सालीं ‘योमिउरी’ या वृत्तपत्रानें टोकियो शहरांतील उएनो उद्यानाच्या कलासंग्रहालयांत एक वार्षिक प्रदर्शन सुरू केलें. पॅरिस येथें १८८४ मध्यें निघालेल्या स्वतंत्र कलावंतांच्या प्रदर्शनाप्रमाणें येथें परीक्षक नव्हते. आरंभीं नामांकित चित्रकारही आपलीं चित्रें पाठवीत. पुढें तरुणांनींच तें दालन व्यापिलें. त्यांना रंग आणि कॅनव्हास अपुरे वाटूं लागले, आणि टाकाऊ वस्तूंच्या कृति भिंतींवर व जमिनीवर दिसूं लागल्या. १९६० सालीं कुदो तेत्सुमी याची कृति पाहून तोनो योशिआकी या समीक्षकानें ‘प्रतिकला’ हा शब्द योजिला.

संग्रहालयाचे चालक मात्र त्रस्त झाले. १९६२ च्या अखेरीस त्यांनीं नियम केले: कर्कश आवाज करणारी, दुर्गंधि सुटणारी, किंवा पातीं लावलेली कृति चालणार नाहीं. तरीही १९६३ च्या पंधराव्या प्रदर्शनांत ताकामात्सु जिरो याची दोरी दालनांतून निघून थेट बाहेर गेली, आणि आकासेगावा गेन्पेइ यानें हजार येनच्या नोटेचें प्रचंड चित्र मांडलें. त्याच नोटेच्या छापील प्रती काढल्याबद्दल पुढें त्याच्यावर खटला झाला. १९७० सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याची शिक्षा कायम केली. प्रदर्शन त्यापूर्वींच, १९६४ च्या आरंभीं, वृत्तपत्रानें बंद केलें होतें.

यावरून तो प्रयोग फसला असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. ज्या कृतींना कोणत्याही परीक्षकानें उंबरा ओलांडूं दिला नसता, त्यांचीच गणना आज जपानच्या युद्धोत्तर कलेच्या इतिहासांत होते. पुढें २००२ सालीं मुराकामि ताकाशि या चित्रकारानें ‘गेइसाइ’ नामक कलाजत्रा भरविली. तेथें तरुण कलावंत भाडें भरून गाळा घेई आणि आपली कृति स्वतः मांडून विकी. परीक्षक होते, पण ते बक्षिसें देण्यापुरते. दार पुन्हां उघडलें, पण या खेपेस त्याला मोल होतें. नव्याची परीक्षा आधीं करावी कीं तें पाहिल्यावर, या प्रश्नाला उएनोच्या त्या पंधरा प्रदर्शनांनीं दिलेलें उत्तर अद्याप विचारार्ह आहे.