पेसाक येथील घरांची डागडुजी



वास्तुकलेच्या इतिहासांत घर रचणाऱ्याचें नांव राहतें, आणि घर बांधून देणारा धनिक असेल तर त्याचेंही राहतें. तें विकत घेऊन त्यांत चाळीस वर्षें संसार करणाऱ्याचें नांव मात्र कोठेंच आढळत नाहीं. वास्तविक घर बांधून होण्यास वर्ष-दोन वर्षें लागतात. पुढें तें गळतें, भेगाळतें, विकलें जातें. नवा धनी एक खिडकी बुजवितो, दुसरी फोडतो. हा सारा व्यवहार इतिहासकारांनीं क्षुल्लक मानून सोडून दिला आहे. फ्रान्समधील एका लहानशा वसाहतीच्या बाबतींत मात्र तो सोडून देतां आला नाहीं. त्या वसाहतीचा इतिहास म्हणजे बव्हंशीं विक्रीचा आणि डागडुजीचाच इतिहास होय. आज त्याविषयीं बोलण्याचा विचार आहे.

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागांत बोर्दो हें बंदराचें शहर आहे. द्राक्षांच्या मद्यासाठीं तें प्रसिद्ध असलें तरी आपल्या कथेचा नायक साखरेचा कारखानदार होता. त्याचें नांव आंरी फ्रूझेस. हा गृहस्थ धंद्यानें व्यापारी आणि वृत्तीनें कलावंत. चित्रकला आणि संगीत या दोहोंचा त्यास नाद होता. ल कॉर्बूझिए या टोपणनांवानें लिहिणाऱ्या एका तरुण स्विस वास्तुशिल्पज्ञाचे लेख त्याच्या वाचनांत आले. मोटारी आणि विमानें जशीं ठराविक सुट्या भागांची जुळणी करून कारखान्यांत निघतात, तशींच माणसाचीं घरेंही निघालीं पाहिजेत, असा त्या लेखांचा रोख होता. फ्रूझेसनें त्यास बोलावून घेतलें. साखरेसाठीं लाकडी खोकीं तयार करणारी फ्रूझेसची एक गिरणी लेज या गांवीं होती. तेथील कामगारांसाठीं १९२४ च्या सुमारास थोडीं घरें बांधून पाहिलीं, आणि मग बोर्दोलगतच्या पेसाक येथें मोठा बेत मांडला. सुमारें १३० घरांचा तो बेत होता. प्रत्यक्षांत पन्नासाच्या आसपास घरें उभीं राहिलीं.

हीं घरें कशीं होतीं तें सांगितल्यावांचून पुढची गोष्ट कळणार नाहीं. पांच मीटर लांब आणि पांच मीटर रुंद असा एक चौक हें माप धरलें होतें, आणि त्याचा अर्धा भाग हें दुसरें माप. या दोन मापांची उलटसुलट जुळणी करून निरनिराळ्या नमुन्यांचीं घरें काढलीं. तुळया, दारें, खिडक्या सर्वत्र सारख्याच. एका नमुन्यांत दोन घरें पाठीस पाठ लावून तीन मजले चढविलीं होतीं आणि त्यांना थट्टेनें कीं अभिमानानें ‘गगनचुंबी’ असें नांव दिलें होतें. उतरतें छप्पर कोठेंच नाहीं. वर सपाट गच्ची. कित्येक घरांत खालचा कांहीं भाग मोकळा, खांबांवर तोललेला. खिडक्या उभ्या नसून भिंतीच्या लांबीभर आडव्या पसरलेल्या. भिंतींवर नक्षी किंवा कंगोरा कांहीं नाहीं. मात्र रंग होते. घरें दाटीनें उभीं असल्यामुळें कांहीं भिंती तपकिरी, कांहीं फिक्या निळ्या, कांहीं हिरवट आणि कांहीं पांढऱ्या रंगविल्या. निळी भिंत आकाशांत मिसळून दूर गेल्यासारखी भासावी, ही त्यांतील युक्ति. घराच्या बाहेरील अंगास रंगांचा असा उपयोग ल कॉर्बूझिएनें येथेंच प्रथम केला.

बांधकामाची पद्धतही नवीनच होती. दाबाखालीं सिमेंटचा फवारा मारणारें एक यंत्र वापरून पाहिलें. पण तें अंगवळणी पडेना, आणि अखेर साध्या सिमेंटी ठोकळ्यांवर यावें लागलें. यंत्रयुगाचें घर शेवटीं गवंड्याच्या हातींच आलें म्हणावयाचें!

१३ जून १९२६ रोजीं फ्रान्सचे सार्वजनिक बांधकाम खात्याचे मंत्री अनातोल द मोंझी यांनीं वसाहतीचें उद्घाटन केलें. भाषणें झालीं. त्यानंतर जें झालें तें आपल्याकडील कोणत्याही नगरपालिकेच्या हद्दींत राहणाऱ्या मनुष्यास सहज समजेल. रस्ते आणि बांधकाम यांच्या परवान्यांचे सोपस्कार वेळेवर पुरे झाले नव्हते, त्यामुळें वसाहतीस नळाचें पाणी मिळेना. ज्या घरांत पाणी नाहीं तें घर कोण विकत घेणार? जवळजवळ तीन वर्षें हीं रंगीत घरें रिकामीं उभीं होतीं. गांवकऱ्यांना आयता विषय मिळाला. सपाट छपरांचीं हीं घरें म्हणजे मोरोक्कोंतील वस्तीच जणूं, अशी कुचेष्टा सुरू झाली. आफ्रिकेंतील आपल्या अंकित देशाशीं तुलना करणें ही तेव्हांच्या फ्रेंच माणसाच्या तोंडीं स्तुति नव्हती, हें सांगणें नको.

फ्रूझेसच्या मनांत आलें होतें तसे त्याचे कारखान्यांतील कामगार या घरांकडे फिरकले नाहींत. वसाहतीस तारून नेलें तें एका कायद्यानें. लुई लूशर या मंत्र्याच्या नांवानें ओळखला जाणारा हा कायदा जुलै १९२८ मध्यें मंजूर झाला. माफक प्राप्तीच्या मनुष्यास थोडी रक्कम हातची घालून बाकीच्यासाठीं सरकारच्या आधारानें कर्ज काढतां येऊं लागलें. पाणी आलें, कर्जाची सोय झाली, आणि घरें एकेक करून विकलीं गेलीं. पण तोंवर फ्रूझेसचा धंदा आणि प्रकृति दोन्हीं खालावलीं होतीं, आणि त्यानें बोर्दो सोडलें होतें.

म्हणजे जीं माणसें येथें राहावयास आलीं, तीं नवीन कलेच्या ओढीनें आलीं नव्हतीं. घर हप्त्यांनीं मिळत होतें आणि त्यास परसू होतें, म्हणून आलीं. या एका गोष्टीकडे वसाहतीवर टीका करणाऱ्या अनेकांनीं दुर्लक्ष केलें आहे. बोर्दोकडील साध्या माणसाचें घर म्हणजे तेथें ज्यास ‘एशॉप’ म्हणतात तें : दगडी, एकमजली, वर कौलांचें उतरतें छप्पर, रस्त्यावर एक दार नि एक-दोन उभ्या खिडक्या, मागें लांबट परसू. मनांत हें घर धरून माणसें ल कॉर्बूझिएच्या घरांत शिरलीं.

पहिली तक्रार पाण्याची. पूर्वीं नळाला पाणी नव्हतें. आतां तें छपरांतून येऊं लागलें! बोर्दोचें हवामान अटलांटिक महासागराच्या वाऱ्यांचें. तेथें पाऊस वर्षभर पडतो. सपाट गच्ची गळूं लागली, तेव्हां कित्येकांनीं तिच्यावर उतरतें छप्पर घातलें. लांबलचक आडवी खिडकी थंडींत घर गार करी. शिवाय तिच्यामुळें कपाट कोणत्या भिंतीला लावावें हा प्रश्न पडे. म्हणून तिची दोन्ही टोकें बुजवून मधोमध सर्वांसारखी उभी खिडकी ठेवली, आणि तिला बाहेरून झडपा बसविल्या. खांबांमधील मोकळ्या जागेंत भिंती उचलून कोणी अडगळीची खोली केली, कोणी मोटार ठेवली. मुलें वाढलीं तशा गच्च्या झाकल्या जाऊन खोल्या झाल्या. रंग उडाले ते पुन्हां कोणी दिले नाहींत. दुसऱ्या महायुद्धांत बाँबवर्षावाचाही तडाखा वसाहतीस बसला. युद्ध संपून कांहीं वर्षें लोटल्यावर तेथें गेलेल्या रसिकास ल कॉर्बूझिएची वसाहत सांपडणें कठीण झालें होतें.

हें ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांना स्वतःच्या गल्लींतील घरें आठवलीं असतील. सपाट छप्पर आपल्यास नवीन नाहीं. सोलापूर आणि मराठवाडा या भागांत मातीच्या माळवदाखालीं पिढ्यान्‌पिढ्या माणसें सुखानें राहत आलीं. कारण तेथें पाऊस बेताचा, आणि दरवर्षीं माळवदावर नवी माती घालण्याची रीत घरोघर ठाऊक होती. तेंच माळवद कोंकणांत नेऊन ठेवा, पहिल्या मृगांतच खालीं येईल. छपराचा आकार आवडीनिवडीवर ठरत नाहीं. तो पावसावर ठरतो, आणि डागडुजीचें ज्ञान कोणापाशीं आहे यावरही ठरतो. पेसाकच्या रहिवाशांपाशीं कौलें चाळण्याचें ज्ञान होतें, डांबरी थरांचें नव्हतें. मुंबई-पुण्याच्या इमारतींच्या गच्च्यांवर आज जे पत्र्याचे मांडव दिसतात, त्यांचेंही मूळ बहुतेक गळतींतच आहे. आणि सज्जा बंद करून त्याची खोली करण्याच्या कामीं मुंबईकराला फ्रेंच माणसापासून कांहीं शिकण्यासारखें नाहीं.

फरक आहे तो अधिकाराच्या प्रश्नांत. नवी मुंबईंत बेलापूर येथें सिडकोसाठीं चार्ल्स कोरिया यांनीं १९८० नंतरच्या दशकांत ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ ही वसाहत रचली. त्यांनीं शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधील भिंती सामाईक ठेवल्या नाहींत, तें मुद्दामच. घरधन्यानें ऐपतीप्रमाणें खोली वाढवावी आणि शेजाऱ्याची परवानगी मागावी लागूं नये, ही योजना होती. लोकांनीं घरें वाढविलीं. कित्येकांनीं तर मूळ घर पाडून नवें बांधलें. तेथें बदल हा रचनेंतच धरलेला होता. पेसाकमध्यें घरधन्यानें काय करावें याविषयीं कोणी कांहींच ठरविलें नव्हतें. घर विकलें, आणि विकणाऱ्याचा संबंध सुटला.

ल कॉर्बूझिए १९६५ सालीं वारला. त्या सुमारास फिलिप बूदों नांवाच्या एका तरुण वास्तुशिल्पज्ञानें एक साधी गोष्ट केली, जी तोंपर्यंत कोणास सुचली नव्हती. तो पेसाकला गेला आणि घरोघर जाऊन रहिवाशांना विचारूं लागला कीं, बाबांनो, तुम्हीं हें काय केलें आणि कां केलें? त्याचें पुस्तक १९६९ सालीं निघालें. आंरी लफेव्र या समाजशास्त्रज्ञानें त्यास प्रस्तावना लिहिली. सर्वांची अपेक्षा अशी कीं, रहिवाशांनीं ही रचना नापसंत ठरविली असें निष्पन्न होईल. बूदोंचा निष्कर्ष वेगळा होता. या घरांत बदल करतां आले, कारण घरें तशीं होतीं. खांबांखालची मोकळी जागा होती म्हणून ती बुजवितां आली, गच्ची होती म्हणून तिची खोली झाली. एशॉपमध्यें इतकी मोकळीक मिळाली नसती. रहिवासी घराशीं भांडत नव्हते. त्यांनीं तें आपलेंसें केलें होतें. माझ्या मतें हा निष्कर्ष बराचसा खरा आहे, पण थोडा उदारही आहे. गळक्या छपराखालीं बादल्या मांडणाऱ्या गृहिणीस रचनेची मोकळीक ही फारशी समाधानाची गोष्ट वाटली असेल, असें नाहीं.

यानंतर इतिहासाचें चाक उलटें फिरलें. ज्या घरांना हंसत असत त्यांचा शोध घेत जगभरचे विद्यार्थी येऊं लागले. १९७० नंतर एका घरधन्यानें आपलें घर पूर्ववत् करण्यास हात घातला, आणि १९८० सालीं वसाहतींतील एका घराची ऐतिहासिक वास्तु म्हणून नोंद झाली. पुढें नगरपालिकेनें स्वतःच एक ‘गगनचुंबी’ घर विकत घेऊन दुरुस्त केलें आणि लोकांना पाहावयास खुलें केलें. १९९८ सालीं सबंध वसाहत संरक्षित क्षेत्र ठरली. १९४० सालीं मनास येईल तशी खिडकी बुजविणाऱ्याच्या नातवास आतां ती पुन्हां उघडावयाची झाली तरी परवाना लागतो, आणि भिंतीचा रंगही मनाचा लावतां येत नाहीं.

हें पूर्ववत् करणें बोलण्याइतकें सोपें नाहीं. जुन्या भिंती पातळ. थंडी अडविण्यासाठीं बाहेरून थर लावावा तर भिंतीची जाडी आणि खिडकीची खोली बदलून घराचा चेहरा बिघडतो. आंतून लावावा तर आधींच लहान असलेल्या खोल्या आणखी लहान होतात. आडव्या खिडकीला जाड दुहेरी कांचा बसवाव्या तर चौकटी जाड होतात. गच्चीखालीं पाणी न झिरपूं देणारे नवे थर आतां मिळतात, ही त्यांतली बरी गोष्ट; पण गच्चीच्या कठड्याची उंची मूळची ठेवून ते बसविणें हें कसबाचें काम आहे. आणि खर्चाचा मोठा भार घरधन्यावरच पडतो.

अखेर जुलै २०१६ मध्यें ल कॉर्बूझिएच्या कामांची जागतिक वारशाच्या यादींत नोंद झाली. त्या नोंदींत सात देशांतील त्याचीं सतरा कामें एकत्र घेतलीं आहेत. पेसाकचीं हीं लहान घरें त्यांत आहेत आणि आपल्या चंदीगडचीं विधानसभा, उच्च न्यायालय व सचिवालय हीं भव्य भवनेंही आहेत. दोन्हीं ठिकाणीं ल कॉर्बूझिएच्या जोडीला त्याचा चुलतभाऊ पिएर झानरे होता. पेसाकची वसाहत हातावेगळी करून झानरे निघून गेला. चंदीगडांत मात्र तो १९६५ पर्यंत राहिला, आणि त्याची रक्षा १९७० सालीं तेथील सुखना तलावांत विसर्जित झाली.

पेसाकमध्यें आजही माणसें राहतात. तें संग्रहालय झालेलें नाहीं. एका घराची आडवी खिडकी आणि फिका निळा रंग परत आलेला असतो, आणि त्याच रस्त्यावरील दुसऱ्या घरावर जुन्या धन्यानें घातलेलें उतरतें छप्पर तसेंच असतें. घर विकावयास निघालें कीं गिऱ्हाईक आधीं गच्ची पाहतें, मग परवान्याचे नियम विचारतें. जुनें छप्पर उतरवून मूळची गच्ची आणावी, कीं पन्नास-साठ वर्षें ज्यानें पाऊस अडविला तें छप्परही आतां इतिहासांतच धरावें, याचा निर्णय तेथें एकेका घरापुरता करावा लागतो.