गिंडी राष्ट्रीय उद्यान : महानगरातील वन आणि ते समजावून सांगणारी माणसे

चेन्नई : विमानतळाकडे जाणारा हमरस्ता, मेट्रोचे स्थानक, तंत्रशिक्षणाची नामवंत संस्था आणि राज्यपालांचे निवासस्थान यांच्या मधोमध गिंडी राष्ट्रीय उद्यान वसले आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे २.७० चौरस किलोमीटर आहे. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा विस्तार शंभर चौरस किलोमीटरहून अधिक आहे, हे लक्षात घेतले की गिंडीचे लहानपण ध्यानात येते. देशातील सर्वांत लहान राष्ट्रीय उद्यानांत त्याची गणना होते. येथे काळवीट, चितळ, कोल्हा, तारांकित कासव आणि दीडशेहून अधिक जातींचे पक्षी आढळतात. मात्र वर्षाकाठी येथे येणाऱ्या शाळकरी मुलांना आणि कुटुंबांना यांतले काय दिसते, आणि जे दिसते त्याचा अर्थ त्यांना कोण सांगतो, हा प्रश्न क्षेत्रफळाहून महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत या कामासाठी स्वतंत्र कर्मचारी असतात. गणवेशातील हा ‘रेंजर’ पाहुण्यांना जंगलातून पायी फिरवतो, सायंकाळी शेकोटीजवळ व्याख्यान देतो, मुलांसाठी उपक्रम घेतो. योसेमिटी उद्यानात १९२० मध्ये हॅरॉल्ड ब्रायंट आणि लॉय मिलर या दोन अभ्यासकांनी निसर्गवाटांवरील मार्गदर्शन सुरू केले. तेथून ही परंपरा रुजली. १९५७ मध्ये फ्रीमन टिल्डन यांनी तिचे शास्त्र ग्रंथरूपात मांडले. नुसती माहिती पुरवणे म्हणजे अर्थ उलगडणे नव्हे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

भारतात ‘रेंजर’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. वनरक्षक, वनपाल आणि त्यांच्यावर वनक्षेत्रपाल, अशी ही उतरंड आहे. वनक्षेत्रपाल म्हणजेच रेंजर. ब्रिटिश अमदानीत १८७८ मध्ये डेहराडून येथे वनविद्यालय स्थापन झाले आणि १९१२ मध्ये दक्षिणेसाठी कोइम्बतूर येथे. या दोन्ही ठिकाणी तयार झालेला अधिकारी लाकूड, हद्द, महसूल आणि कायदा सांभाळणारा होता. आजही गस्त घालणे, वणवा रोखणे, गुन्हा नोंदवणे, प्राणिगणना करणे आणि जखमी जनावराची सुटका करणे ही त्याची मुख्य कर्तव्ये आहेत. चेन्नईसारख्या शहरात त्यांत आणखी एकाची भर पडते. पावसाळ्यात कुणाच्या न्हाणीघरात साप निघाला किंवा माकडांचा उपद्रव झाला की वनखात्याचाच दूरध्वनी खणखणतो. पर्यटकांना वन समजावून सांगणे हे या सेवेत स्वतंत्र पद नाही. ते अधिकाऱ्याच्या आवडीवर आणि उरलेल्या वेळावर अवलंबून राहते.

कायद्याची चौकटही संरक्षणाची आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार संरक्षित क्षेत्रात प्रवेशाची परवानगी अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशा ठराविक कारणांसाठीच दिली जाते. त्यामुळे गिंडीच्या मुख्य वनात सरसकट कोणालाही जाता येत नाही. सामान्य प्रेक्षकाची भेट वनाच्या कडेला असलेल्या बालोद्यानापुरती आणि शेजारच्या सर्पोद्यानापुरती मर्यादित राहते. २०२४ मध्ये या बालोद्यानाचे नूतनीकरण करण्यात आले. आतल्या वनात जायचे तर वनखात्याची पूर्वपरवानगी लागते आणि सोबत कर्मचारी असतो. नेमके या छोट्या फेरीतच वनरक्षकाला शिक्षकाची भूमिका निभावावी लागते.

सांगण्यासारखे तेथे पुष्कळ आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्याला पहिला अचंबा वाटतो तो वनाच्या रूपाचा. सह्याद्रीत जूनमध्ये पाऊस येतो. चेन्नईत वर्षाचा बराचसा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो. त्यानंतर दीर्घ कोरडा काळ असतो. तरीही येथील झाडे वर्षभर हिरवी राहतात. जाड, चिवट पाने, काटेरी झुडपे आणि बुटकी, दाट रचना हे या शुष्क सदाहरित वनाचे वैशिष्ट्य. कोरोमंडल किनाऱ्यावर अशा वनाचे आता तुकडेच उरले आहेत आणि त्यांतले बरेचसे देवराया म्हणून टिकले. उंच वृक्ष आणि धबधबे शोधणाऱ्या डोळ्यांना हे रान ‘काहीच नसलेले’ वाटते. माहीतगार मार्गदर्शकाशिवाय हा गैरसमज दूर होत नाही.

काळविटाचे उदाहरण अधिक बोलके आहे. हा प्राणी मोकळ्या माळावरचा. धोका दिसताच झुडपात दडण्याऐवजी तो पळत सुटतो, म्हणून त्याला दूरवर नजर पोहोचेल असे गवताळ रान लागते. दाट झाडोरा चितळांना मानवतो, काळविटांना नाही. त्यामुळे मोकळ्या जागी झाडे लावणे म्हणजे निसर्गसेवाच, हा शाळांतून रुजवलेला विचार गिंडीत अपुरा ठरतो. येथे माळ राखण्यासाठी काही वेळा परकी झुडपे उपटावी लागतात. मुलांच्या हाती रोप देऊन छायाचित्र काढणे सोपे असते. झाड का लावू नये हे पटवून देणे त्या मानाने कठीण.

वनाचा संकोच हाही एक धडाच आहे. १८२१ मध्ये सरकारने गिंडी लॉजची मिळकत ३५ हजार रुपयांना विकत घेतली. १९१० मध्ये तेथील सुमारे ५०५ हेक्टर रान राखीव वन म्हणून घोषित झाले. १९५८ मध्ये त्यातील काही जमीन भारतीय तंत्रज्ञान संस्थेसाठी देण्यात आली. पुढे राजाजी आणि कामराज यांची स्मारके तसेच अन्य संस्था यांसाठी आणखी जमीन गेली. उरलेल्या भागाला १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. म्हणजे मूळ राखीव वनाचा जेमतेम निम्मा भाग आज शिल्लक आहे. डिसेंबर २०१६ मधील ‘वरदा’ चक्रीवादळाने त्यातलीही शेकडो झाडे उन्मळून पाडली.

प्राण्यांना खाऊ घालणे आणि प्लास्टिक टाकणे या दोन सवयींशी येथील कर्मचाऱ्यांचा रोजचा झगडा असतो. गिंडी आणि लगतच्या शैक्षणिक परिसरात मृत चितळांच्या पोटात प्लास्टिक सापडल्याच्या घटना वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. खाद्यपदार्थाचा वास लागलेली पिशवी हरणाला खाद्यच वाटते. ‘कचरा टाकू नये’ या फलकापेक्षा ही एक गोष्ट मुलांच्या लक्षात अधिक राहते.

आश्चर्य असे की, वनखात्यात जे पद नाही त्या पदाचे काम चेन्नईत अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे, पण ते खात्याबाहेर वाढले. त्याची सुरुवात सापांपासून झाली. रोम्युलस व्हिटेकर यांनी उभारलेले सर्पोद्यान १९७२ मध्ये गिंडीत आले. चेन्नईकर त्याला ‘पांबु पण्णै’ म्हणतात. बंदिस्त साप दाखवणे एवढाच त्याचा हेतू नव्हता. विषारी व बिनविषारी साप कसे ओळखावेत, दंश झाल्यास काय करावे आणि काय करू नये, हे लोकांना सांगणे हा त्याचा पाया होता. तमिळ भाषेत नागाला ‘नल्ल पांबु’ म्हणजे ‘चांगला साप’ असे म्हणतात. भीतीपोटी दिलेले हे गोड नाव समजावणाऱ्याच्या उपयोगी पडते.

या शिक्षणाचे मोल जिवाच्या हिशेबात मोजता येते. २००० ते २०१९ या दोन दशकांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक ग्रामीण भागातले. जखमेवर काप देणे, घट्ट दोरी बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांत मोलाचा वेळ जातो. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात नेणे, एवढी साधी सूचना पोहोचवण्यासाठी हजारो व्याख्याने द्यावी लागतात.

हे ज्ञान ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते ते इरुळा आदिवासी. सापाच्या कातडीच्या व्यापारासाठी साप पकडणे हा त्यांचा पूर्वापार रोजगार. १९७२ चा कायदा आणि त्यानंतर कातडीच्या निर्यातीवर आलेली बंदी यांमुळे तो संपुष्टात आला. १९७८ मध्ये व्हिटेकर यांच्या पुढाकाराने इरुळा सर्पमित्रांची औद्योगिक सहकारी संस्था स्थापन झाली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप परवान्याने पकडायचे, त्यांचे विष काढायचे आणि ठराविक काळानंतर त्यांना पुन्हा रानात सोडायचे, अशी तिची पद्धत. देशात प्रतिसर्पविष तयार करणाऱ्या कंपन्यांना याच संस्थेकडून विषाचा मोठा पुरवठा होतो. शहराच्या दक्षिणेला वडनेम्मेली येथे १९७६ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास क्रोकोडाइल बँकेच्या आवारात पर्यटकांना विष काढण्याचे प्रात्यक्षिक पाहायला मिळते. या समाजातील वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन यांना २०२३ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाकडून शहरी पदवीधरांनी निसर्ग शिकावा, असा हा दुर्मीळ प्रसंग होय.

दुसरी परंपरा समुद्रकिनाऱ्यावरची. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी मद्रासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचा शोध घेत रात्री पायी फिरण्याचा उपक्रम सुरू झाला. १९८८ पासून विद्यार्थ्यांच्या सागरी कासव संवर्धन गटाने तो अखंड चालवला आहे. जानेवारी ते मार्च या हंगामात नीलांकरै ते बेझंट नगर हे सुमारे सात किलोमीटरचे अंतर स्वयंसेवक रात्रभर चालतात. कासवाच्या वल्ह्यांसारख्या पायांनी वाळूत उमटलेला माग हीच त्यांची खूण. एका घरट्यात साधारण शंभर ते सव्वाशे अंडी असतात. कुत्री, चोर आणि भरतीपासून वाचवण्यासाठी ती वनखात्याच्या संमतीने हॅचरीत हलवली जातात. सुमारे दीड महिन्याने पिल्ले बाहेर येतात आणि सायंकाळी समुद्रात सोडली जातात.

आठवड्याच्या अखेरीस या फेऱ्या सर्वसामान्यांसाठी खुल्या असतात. मध्यरात्रीच्या सुमारास फेरी सुरू होण्यापूर्वी स्वयंसेवक कासवाच्या जीवनचक्राची माहिती देतात. विजेरी लावू नये, आवाज करू नये, हा नियम कडक असतो. अनेकदा रात्रभर चालूनही कासव दिसत नाही, आणि ही शक्यता आधीच सांगितली जाते. पाहुण्यांना मात्र वेगळे काही दिसते : वाळूवर पडलेला दिव्यांचा झगझगाट. अंड्यातून निघालेले पिल्लू उजेडाच्या दिशेने चालते. अंधाऱ्या किनाऱ्यावर हा उजेड समुद्राकडून येतो, शहरात तो रस्त्याकडून येतो. आपल्या घराचा दिवा या साखळीतला दुवा आहे, हे त्या क्षणी ध्यानात येते. २०२५ च्या प्रारंभी चेन्नईच्या किनाऱ्यावर शेकडो मृत कासवे वाहून आली. मासेमारीच्या ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरून ती मेल्याचे मानले जाते. तेव्हा या पदयात्रांतून तयार झालेली माणसे मोजदाद करण्यात आणि आवाज उठवण्यात पुढे होती.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासशी याची तुलना होऊ शकते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तेथे २००२ पासून कासवसंवर्धन केले आणि पुढे कासव महोत्सव भरवला. वेळासला गावकऱ्यांच्या घरी पाहुणे उतरतात, त्यामुळे संवर्धनातून गावाला चार पैसे मिळतात. ताडोबातही स्थानिक तरुण मार्गदर्शक म्हणून सफारीच्या गाडीत बसतात आणि त्यावर त्यांचे घर चालते. गिंडीत सफारी नाही, वाघ नाही. चेन्नईचे कासव स्वयंसेवक विनामोबदला काम करतात. परीक्षा संपल्या, नोकरी लागली की त्यांतले अनेक जण शहर सोडून जातात आणि नवी फळी नव्याने तयार करावी लागते. महाविद्यालयीन मुलांच्या बळावर तीन दशकांहून अधिक काळ एखादे काम टिकावे, ही असामान्य गोष्ट असली तरी तिच्यावर धोरण उभारता येत नाही.

उलट वनरक्षकाची नोकरी कायम असते. कोणत्या तळ्यावर कोणत्या महिन्यात कोणते पक्षी उतरतात, उन्हाळ्यात पाणवठे आटले की चितळ कुठे जमतात, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. परंतु त्याच्या प्रशिक्षणात संभाषणकलेला दुय्यम स्थान आहे. बदली झाली की त्याचे स्थानिक ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. १९८५ मध्ये खुल्या झालेल्या वंडलूर येथील अरिग्नर अण्णा प्राणिउद्यानाने ‘झू स्कूल’च्या माध्यमातून शाळांसाठी नियमित वर्ग चालवून या उणिवेवर काही अंशी मार्ग काढला. पळ्ळिकरणै पाणथळीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. तेथे वनखात्याने पर्यावरण उद्यान उभारले असून पक्षीनिरीक्षणासाठी नागरिक जातात. पाणथळीच्या कडेलाच शहराचा प्रचंड कचरा डेपो आहे. फ्लेमिंगो पाहायला आलेल्या मुलांना ही दोन्ही दृश्ये एकाच वेळी दिसतात. दुर्बीण कोणत्या दिशेला वळवायची हे सोबत असलेल्या माणसावर ठरते.