प्रवाळांना किती ऊन लागतं?

पाचव्या दिवशी सकाळी ते पांढरं पडलं होतं.

करंगळीएवढ्या फांद्यांचं, मातकट तपकिरी, टोकांना किंचित जांभळं असं एक अ‍ॅक्रोपोरा जातीचं प्रवाळ. बर्लिनमधल्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, दोनशे लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ते तीन आठवडे मजेत होतं. मी फक्त दिवा बदलला. जुना दिवा फार वीज खायचा, म्हणून नवा एलईडी आणला. लावल्यावर तो जरा मंदच वाटला. म्हणून अ‍ॅपमधले सगळे स्लायडर शंभरावर नेले आणि ऑफिसच्या कामाला बसलो.

टाकी आणि प्रवाळ दोन्ही शेजारच्या इमारतीतल्या एका आजोबांचं. २०२२ च्या हिवाळ्यात जर्मनीत विजेचे भाव असे काही चढले, की त्यांनी चाळीस वर्षांचा छंद आवरायला घेतला. टाकी देताना ते एवढंच म्हणाले होते, "दिवा बदलायचा झाला तर आधी मला विचारा." मी विचारलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्या दारावरची बेल वाजवण्याआधी, निदान काय चुकलं ते तरी कळावं, म्हणून वाचायला बसलो. एका दिव्याची चौकशी करायला गेलो आणि दीडशे-दोनशे वर्षं मागे जाऊन पडलो.

आपल्याकडे पोवळं म्हटलं की मंगळासाठी अंगठीत घालायचा लाल खडा आठवतो. तो येतो भूमध्य समुद्रातून. १७२० च्या दशकात पेसोनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने याच लाल पोवळ्याची ‘फुलं’ निरखून पाहिली आणि सांगितलं, की ही फुलं नव्हेत, हे प्राणी आहेत. पॅरिसच्या विद्वानांना ते पटलं नाही. पण तो बरोबर होता. प्रवाळ हा प्राणीच. मात्र उथळ, उबदार समुद्रात खडक रचणारी जी प्रवाळं असतात, त्यांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. प्राण्याच्या पोटात शेती! अंगठीतल्या पोवळ्यात ही शेती नसते, म्हणून ते अंधाऱ्या कपारीत खुशाल राहतं. अ‍ॅक्रोपोराला उन्हाशिवाय भागत नाही. एवढा एक फरक माणसाला नीट कळायला दोनशेहून जास्त वर्षं लागली, आणि दिव्यांची सगळी गोष्ट त्यातूनच निघते.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉसचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ आलं आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांत काचेच्या टाक्यांची साथ पसरली. गॉसकडे प्रवाळही होतं. पण ते डेव्हनच्या थंड किनाऱ्यावरचं, कपासारखं, एकेकटं राहणारं. त्याच्यात शैवाल नसतं. म्हणजे घरात प्रवाळ पाळणाऱ्या पहिल्या लोकांच्या हाती नेमकं तेच लागलं, ज्याला प्रकाशाची गरजच नव्हती. नशीब म्हणा.

खरा प्रश्न विचारला गेला तो १९२८ साली, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर. लो आयल्स नावाच्या छोट्याशा बेटांवर ब्रिटिश शास्त्रज्ञांनी वर्षभर मुक्काम ठोकला. त्यांचा प्रमुख मॉरिस यंग अठ्ठावीस वर्षांचा होता. (माझ्या या वयात मी स्प्रेडशीट रंगवत होतो.) त्यांनी प्रवाळांच्या वसाहती प्रकाश शिरणार नाही अशा पेट्यांत ठेवल्या. काही महिन्यांत आतलं शैवाल नाहीसं झालं, प्रवाळं फिकी पडली, पण जिवंत राहिली. यंगने निष्कर्ष काढला, की प्रवाळ निव्वळ मांसाहारी आहे. शैवाल त्याला अन्न पुरवत नाही, फार तर त्याची घाण उचलतं.

प्रयोग उत्तम होता, निष्कर्ष चुकला. आणि यंग एवढा मोठा माणूस, की तो निष्कर्ष बराच काळ टिकला. १९५८ मध्ये मस्कटीन आणि हँड या दोघांनी प्रवाळाच्याच नात्यातल्या सी-अ‍ॅनिमोनवर किरणोत्सारी कार्बन वापरून दाखवलं, की शैवालाने उन्हात बनवलेलं अन्न यजमान प्राण्याच्या शरीरात पोचतं. पुढे प्रवाळांतही तेच दिसलं. उथळ पाण्यातल्या प्रवाळाच्या गरजेचा मोठा भाग हे आतलं शेतच भागवतं.

यानंतरचं प्रकरण मला सगळ्यात जास्त भिडलं. १९६१ साली ‘ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट’ या अमेरिकन मासिकात जकार्ताच्या ली चिन एंग यांचा लेख आला. युरोप-अमेरिकेत तेव्हा खाऱ्या टाकीत सजावटीला प्रवाळांचे मेलेले सांगाडे ठेवायची पद्धत होती. अधूनमधून ते बाहेर काढून ब्लीचमध्ये बुडवायचे आणि पांढरेशुभ्र करून परत आत. ली यांच्या टाकीत मात्र जिवंत प्रवाळं होती. साहित्य काय? समुद्राचं पाणी, समुद्रातून आणलेले जीवजंतूंनी भरलेले दगड, हवेचे थोडे बुडबुडे आणि ऊन. फिल्टर नाही, दिवा नाही. थंड देशांतल्या वाचकांनी तसं करून पाहिलं, ते जमेना, आणि खापर फोडलं गेलं पद्धतीवर. त्यांच्या घरात जकार्ताचं ऊन नव्हतं, हे साधं कारण कुणाच्या लक्षात येईना. ली यांचे जिवंत दगड पुढे सगळ्या जगाने उचलले. आज दुकानात ‘लाइव्ह रॉक’ मागणाऱ्या किती जणांना त्यांचं नाव माहीत असेल?

मग जकार्ताचं ऊन बर्लिनमध्ये आणायचं कसं? इथे डिसेंबरात सूर्य दुपारी चारच्या आतच मावळतो. ऐंशीच्या दशकात याच शहरातल्या हौशी लोकांनी यावर उत्तर शोधलं. दीट्रिश श्ट्यूबर हे त्यातलं ठळक नाव. जिवंत दगड, फेसाबरोबर घाण उपसणारा प्रोटीन स्किमर, प्रवाळाच्या सांगाड्याला कॅल्शियम मिळावं म्हणून ‘काल्कवासर’ आणि वर दणदणीत दिवे. काल्कवासर हा शब्द मी फार मोठ्या रासायनिक कुतूहलाने शोधला, तर निघाली आपली चुन्याची निवळी!

दिवे होते मेटल हॅलाइड. जर्मनीत सगळे त्यांना एचक्यूआय म्हणतात. दुकानं, हॉल, मैदानं उजळण्यासाठी बनवलेले. दीडशे, अडीचशे, चारशे वॉटचे. खोली भट्टीसारखी तापायची, पाणी थंड करायला वेगळं यंत्र लागायचं, आणि वर्षाकाठी बल्ब बदलावा लागायचा, कारण जुना होत गेला की त्याचा रंग ढळायचा. पण प्रवाळं वाढू लागली. नुसती जगली नाहीत, वाढली. श्ट्यूबर यांच्याकडे दगडावर आलेल्या एका छोट्या अ‍ॅक्रोपोराच्या फांद्या तोडून लोकांनी वाटून घेतल्या, त्यांच्या पुन्हा फांद्या तोडून पुढे दिल्या. जास्वंदीचं कलम गल्लीभर जावं तसं ते प्रवाळ देशोदेशीच्या टाक्यांत पोचलं.

माझ्याकडचं पांढरं पडलेलं प्रवाळ त्याच कुळातलं, असं आजोबांचं म्हणणं होतं. ते आठवलं आणि घशाशी काहीतरी अडकलं.

आता निळ्या रंगाबद्दल. रीफ टाकी पाहिली आहे कधी? डिस्कोसारखी निळी-जांभळी दिसते. मला ते आधी दुकानदारांचं फॅड वाटायचं. तसं ते नाही. समुद्राचं पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच गिळतं, निळा खोलवर जातो. प्रवाळातलं शैवाल त्याच निळ्यावर जगायला सरावलेलं असतं. म्हणून मेटल हॅलाइडच्या काळातही लोक शेजारी ‘अ‍ॅक्टिनिक’ नावाच्या निळ्या ट्यूब लावायचे. पण हवा तो रंग, हव्या त्या प्रमाणात, असा निळा दिवा हातात यायला जपान उजाडावं लागलं.

लाल एलईडी १९६२ मध्येच आला होता. झगझगीत निळ्यासाठी तीस वर्षं गेली. १९९३ मध्ये निचिया या कंपनीतल्या शूजी नाकामुरा यांनी तो करून दाखवला. अकासाकी आणि अमानो यांनी आधीच वाट काढून ठेवली होती. २०१४ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं. तुमच्या हातातल्या फोनचा पडदा उजळतो तोही या शोधामुळेच. निचियाने पेटंटपोटी नाकामुरांना दिले होते वीस हजार येन. ते कोर्टात गेले, आणि २००५ मध्ये चौऱ्याऐंशी कोटी येनांवर तडजोड झाली. इंजिनीअर असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा.

एलईडी टाकीवर आला तोही भांडत. पीएफओ लायटिंग या अमेरिकन कंपनीने ‘सोलारिस’ नावाचा दिवा काढला: सूर्योदय-सूर्यास्त करणारा, ढगांची सावली पाडणारा. २००७ मध्ये विस्कॉन्सिनच्या ऑर्बिटेक कंपनीला सागरी टाकीवरच्या एलईडी दिव्यांचं पेटंट मिळालं. ही कंपनी अंतराळात रोपं वाढवण्याच्या दिव्यांवर काम करणारी. वाद झाला, सोलारिस बंद पडला. पुढचे चांगले दिवे यायला त्यामुळे काही वर्षं लागली. सूर्याची नक्कल करण्याचाही हक्क कुणाच्या तरी नावावर असू शकतो, हे वाचून मला ली चिन एंग पुन्हा आठवले.

एवढं वाचल्यावर माझी चूक मला दिसली, आणि ती फारच साधी होती. माणसाचा डोळा हिरव्या-पिवळ्याला सगळ्यात जास्त दाद देतो, निळ्याला फार कमी. जुना दिवा पिवळट पांढरा, म्हणून तो मला प्रखर वाटायचा. नवा निळा, म्हणून मंद. मी माझ्या डोळ्यांनी मोजलं. प्रवाळ शैवालाने मोजत होतं. प्रकाश झेपेनासा झाला की शैवालातली यंत्रणा बिघडते, त्यातून विषारी ऑक्सिजन-रेणू तयार होतात, आणि प्राणी आपलंच शेत बाहेर टाकून देतो. समुद्र तापला की हेच होतं: ऊन आणि उष्णता मिळून. १९९८ मध्ये झालं, २०१६ मध्ये झालं, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर केलं. समुद्राला आठवडे लागतात. मी अ‍ॅपवर बोट फिरवून पाच दिवसांत केलं.

आजोबा रागावले नाहीत. क्लबमधून एक मीटर घेऊन आले. शैवालाला उपयोगी पडणारा प्रकाश, म्हणजे ‘पार’, मोजणारा. रीफवर भर दुपारी पाण्याच्या पृष्ठभागावर तो आकडा दोन हजारांच्या आसपास जातो, खाली वेगाने घसरतो. आमच्या अ‍ॅक्रोपोराच्या जागी जुन्या दिव्याखाली त्यांनी मोजलेला आकडा वहीत होता: १८०. माझ्या शंभर टक्क्यांवर मीटर म्हणाला ५६०.

"पांढरं पडलं म्हणजे मेलं असं नाही," ते म्हणाले. "भूक लागलीय त्याला."

मावसभाऊ पुण्याहून विचारतोय, ‘दादा, कोणता एलईडी घेऊ?’ त्याला मी कंपनीचं नाव सांगितलं नाही. आधी विचारलं, ठेवणार काय आहेस? भारतात दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. ती घरात ठेवणं हा गुन्हा आहे, दिवा कितीही चांगला असो. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकं घातलंस तर गढूळ पाण्यात, मंद उजेडात निवांत वाढलेली प्रवाळं फुकट बघायला मिळतील. त्यांना आपल्या शंभर टक्क्यांशी काही देणंघेणं नाही.

आणि मासे किंवा कायद्यात बसणारं दुसरं काही ठेवणार असशील, तर वॉट विचारू नकोस, वॉटवरून काही कळत नाही. चारशे वीस ते चारशे ऐंशी नॅनोमीटरच्या पट्ट्यात दिवा किती देतो ते बघ. लाल-हिरवे बल्ब बहुतेक आपल्या डोळ्यांच्या समाधानासाठी असतात. प्रकाश टाकीभर पसरतो की मधोमध एकच झोत पडतो ते बघ, कारण एलईडीचे ठिपके फांद्यांखाली काळ्याकुट्ट सावल्या पाडतात. मीटर भाड्याने, उसना, कसाही मिळव. आणि दिवा हळूहळू वाढवता येतो का, हे सगळ्यात आधी बघ. त्याने उत्तरात अंगठा पाठवला.

आम्ही दिवा पंचवीस टक्क्यांवर आणला, प्रवाळ टाकीच्या तळाशी नेलं. सहा आठवडे काहीच झालं नाही. दोन फांद्या गेल्या, त्यांच्यावर हिरवी लव चढली. मग एका रविवारी आजोबा काचेला नाक लावून बसले होते. बुडाशी, दगडाला चिकटलेल्या कडेवर, चहाचा डाग पडावा तसा तपकिरी रंग दिसत होता.

ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी तीन टक्के वाढवा. त्याआधी हात लावू नका."

मी फोन खिशात ठेवला.