टॅक्सीचे दरपत्रक: एक दुर्लक्षित साधन

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा इतिहास बहुधा गाड्यांच्या नावांनी सांगितला जातो: १९६४ची फियाट डिलाइट, तिचीच पुढे झालेली प्रीमियर पद्मिनी, ऑक्टोबर २०२३मधला तिचा निरोप. तो दरपत्रकावरूनही वाचता येतो. यांत्रिक मीटरवर दिसे तो केवळ आकडा. प्रत्यक्ष भाडे नव्हे. भाडेवाढ झाली की शहरातले सगळे मीटर बदलणे जिकिरीचे, म्हणून त्या आकड्यासमोरचे नवे भाडे छापील कार्डावर येई. सांताक्रूझ किंवा सहार विमानतळावर उतरलेल्या परक्याला हे कुठून ठाऊक असणार? चालकावरचा, पर्यायाने शहरावरचा, त्याचा पहिला विश्वास त्या कार्डावर ठरे. प्रीपेड खिडकीने हिशेब प्रवासाआधी आणला. इलेक्ट्रॉनिक मीटरने कार्डाची गरज बरीच कमी केली. पद्मिनीची छायाचित्रे पुष्कळ आहेत. नवख्याला भाडे पडताळू देणारी ती कार्डेही जपायला हवीत.