कुदळ आणि हिशेबाची वही

१५ जानेवारी १९३४ या दिवशीं, दुपारीं दोन वाजून कांहीं मिनिटें झालीं असतां, उत्तर बिहार व नेपाळ यांची भूमि हादरली. मोंघीर शहराचा बाजार पाहतां पाहतां मातीस मिळाला. मुजफ्फरपूर, दरभंगा, मोतीहारी येथें घरांचे ढिगारे झाले. बिहार व नेपाळ मिळून दहा हजारांवर माणसें प्राणास मुकलीं. पडलेलीं घरें सर्वांना दिसलीं; शेतांची दशा मात्र शहरवासीयांच्या ध्यानांत उशिरां आली. जमिनीला भेगा पडून आंतून पाणी व वाळू उसळली, पिकाऊ शेतांवर वाळूचे थर बसले, विहिरी बुजल्या. भूमीची पातळी जागोजाग बदलल्यामुळें पावसाळ्यांत पुराचें पाणी नव्या वाटांनीं गांवांत शिरेल, ही धास्ती वेगळीच होती.

अशा प्रसंगीं मनुष्य प्रथम कारण विचारतो. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वरी शासन होय, असें महात्मा गांधी म्हणाले. सृष्टीच्या उत्पातांना नीतीचे नियम लावणें युक्त नव्हे, असा रवींद्रनाथांनीं जाहीर प्रतिवाद केला. वाद थोरांचा होता आणि मोलाचाही होता. परंतु ज्यांच्या डोक्यावर छप्पर उरलें नव्हतें त्यांना तूर्त कष्ट करणारे हात हवे होते.

बंदिवासांत आजारी असलेल्या राजेंद्रबाबूंची सरकारनें सुटका केली व त्यांच्या अध्यक्षतेखालीं मदत समिति उभी राहिली. या कार्यास देशोदेशींचे लोक लागले. त्यांपैकीं दोघे ख्रिस्ती गृहस्थ विशेष स्मरणीय आहेत.

पहिले पिएर सेरेसोल. जन्म १८७९ चा; स्वित्झर्लंडच्या एका माजी राष्ट्राध्यक्षांचे हे चिरंजीव, शिक्षणानें इंजिनियर. ख्रिस्ताचें नांव घेऊन शेजाऱ्यावर बंदूक रोखणें त्यांना पटेना. लष्करी कर देण्याचें नाकारून त्यांनीं तुरुंगवास पत्करला. मात्र सैन्यांत जात नाहीं एवढें म्हणून स्वस्थ बसणें त्यांना कमीपणाचें वाटे. १९२० सालीं व्हर्दूनजवळ युद्धानें उध्वस्त झालेलें एक खेडें उभारण्यास ते कांहीं मित्रांसह गेले. त्यांत जर्मनही होते. १९२८ सालीं लिख्टेनश्टाइनमध्यें पुरानें गाडलेलीं शेतें मोकळीं करण्यास त्यांच्याबरोबर ७०० हून अधिक स्वयंसेवक राबले.

हेच सेरेसोल १९३४ सालीं बिहारांत आले, आणि १९३७ पर्यंत तीन वेळां आले. मोजक्या युरोपीय सोबत्यांसह ते मुजफ्फरपूर भागांतील पुराच्या तोंडीं सांपडलेलीं खेडीं उंच जागीं वसविण्याच्या कामास लागले. गोऱ्या साहेबानें हुकूम सोडावा व काळ्या मजुरानें माती उपसावी, हीच रीत ज्यांच्या अंगवळणीं पडली होती, त्यांनीं साहेबालाच कुदळ मारतांना पाहिलें. जो सुशिक्षित वर्ग अंगमेहनत हलकी मानीत आला, त्यालाही हा मुकाट्यानें दिलेला धडाच होता.

दुसरे जे. सी. कुमारप्पा. तंजावरचे तमिळ ख्रिस्ती, लंडनांत हिशेबतपासनिसाची विद्या शिकलेले. समितीकडे लाखों रुपये जमले, त्यांचे हिशेब त्यांच्या हातीं होते. कार्यकर्त्यांच्या रोजच्या जेवणखर्चाला त्यांनीं अवघ्या कांहीं आण्यांची मर्यादा घातली. पुढें गांधीजी आपल्या परिवारासह बिहारांत आले, तेव्हां त्या मंडळींचा खर्च पीडितांच्या निधींतून करतां येणार नाहीं, असें कुमारप्पांनीं स्पष्ट सांगितलें. गांधीजींनीं तें मान्य केलें. ज्यांना गुरु मानलें त्यांनाही वहींतला नियम चुकला नाहीं. पुढें वर्ध्यास ग्रामोद्योग संघाचें काम ज्यांनीं वाढविलें, ते हेच कुमारप्पा.

दोघेही श्रद्धावान होते, पण धर्म देण्यासाठीं कोणी आला नव्हता. आपत्काळीं देणाऱ्याच्या हेतूची शंका गरिबाला येते, आणि निधि कोठें जातो याची शंका दात्याला येते. पहिली शंका सेरेसोलांच्या कुदळीनें फेडली, दुसरी कुमारप्पांच्या वहीनें. सेरेसोल १९४५ सालीं निवर्तले, कुमारप्पा १९६० सालीं. भूमि त्यानंतरही अनेकदां हादरली. प्रत्येक वेळीं धान्य व पैसा यांचा ओघ लागतो. परंतु संकटग्रस्ताच्या शेजारीं उभें राहून माती उपसणारा आणि पैन् पैचा जाब देणारा, हे दोघे असतील तरच त्या दानाचें सोनें होतें.