नकली तलवारीची परीक्षा

मध्ययुगीन युरोपातील सरदाराची तलवार किती वजनाची असेल, असा प्रश्न वर्गात विचारला तर पाच किलो, दहा किलो, कधी पंधरा किलो अशी उत्तरे येतात. चित्रपटांतले योद्धे दात-ओठ खाऊन ती उचलतात, त्यामुळे हे अंदाज स्वाभाविकही वाटतात. प्रत्यक्षात एका हाताने चालवायच्या बहुतेक तलवारी एक ते दीड किलोच्या दरम्यान भरतात.

हा गैरसमज दूर करण्यासाठी एखादी प्रतिकृती मुलांच्या हाती द्यावी, असे कोणालाही वाटेल. पण भिंतीवर लावण्यासाठी विकली जाणारी स्वस्त प्रतिकृती हाती घेतली तर गैरसमज उलट पक्का होतो, कारण ती अनेकदा खरोखरच जड आणि बोजड असते. ती पाहून विद्यार्थी म्हणतो, ‘त्या काळचे लोक अंगात फार ताकद असलेले, पण अडाणीच असले पाहिजेत.’ म्हणजे वस्तू नकली, आणि तिच्यावरून काढलेला इतिहासही नकली. म्हणून अशा प्रतिकृतीची परीक्षा कशी करावी, हे येथे आम्ही मांडत आहोत. त्यासाठी तराजू, व्हर्निअर कॅलिपर, दोरा आणि घड्याळ एवढे साहित्य पुरते.

एक कादंबरी आणि एक नदी

१८२५ साली वॉल्टर स्कॉट यांची ‘द टॅलिस्मन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड आपली अवजड तलवार दोन्ही हातांनी उचलून पोलादी दांडा तोडतो, तर सुलतान सलाउद्दीन आपल्या बाकदार, हलक्या तलवारीने मऊ उशी आणि तलम वस्त्र कापून दाखवतो. हा प्रसंग काल्पनिक आहे. रिचर्ड आणि सलाउद्दीन यांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नव्हती. पण एकीकडे नुसते बळ आणि दुसरीकडे नजाकत, हे चित्र वाचकांच्या मनात ठसले.

योगायोग असा, की त्याच वर्षी जुलै महिन्यात इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात विदम नदीत एक खरी मध्ययुगीन तलवार सापडली. ती तेराव्या शतकाच्या आसपासची असून आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्या पात्यावर सोन्याच्या तारेने अक्षरे जडवलेली आहेत. त्यांचा अर्थ लागेना म्हणून २०१५ साली ब्रिटिश लायब्ररीने ती प्रदर्शनात मांडली, तेव्हा सर्वसामान्य लोकांकडूनही तर्क मागवले होते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आकडे वेगळेच आहेत. तिची एकूण लांबी ९६.४ सें.मी. आणि वजन सुमारे १.२ किलो आहे. जवळजवळ मीटरभर लांबीचे पोलादी हत्यार इतके हलके कसे? आणि प्रतिकृती जड का होते?

नक्कल कशाची?

परीक्षेची पहिली पायरी म्हणजे प्रतिकृती कोणत्या प्रकारच्या तलवारीची आहे, हे ठरवणे. यासाठी अभ्यासकांनी वर्गीकरणे केली आहेत. नॉर्वेतील यान पेटरसन यांनी १९१९ साली व्हायकिंग तलवारींचे मुठींच्या आकारावरून प्रकार पाडले. १९२७ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी ते वर्गीकरण सोपे करून सात प्रकारांत बसवले. हेच व्हीलर पुढे १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. त्यानंतर इंग्लंडच्या यूअर्ट ओकशॉट यांनी मुख्यतः पात्याची रुंदी, निमुळतेपणा आणि पात्यातील पन्हळ यांवरून मध्ययुगीन तलवारींचे प्रकार ठरवले आणि त्यांना दहा ते बावीस असे क्रमांक दिले. प्रतिकृतीचे पाते एका शतकाचे आणि मूठ दुसऱ्याच शतकाची असेल, तर ते या वर्गीकरणामुळे लगेच लक्षात येते.

पण स्वस्त प्रतिकृती या पायरीवर अनेकदा उत्तीर्ण होते! तिची बाह्याकृती बरोबर असते, कारण ती पुस्तकातल्या छायाचित्रावरून घेतलेली असते. अडचण अशी, की समोरून काढलेल्या छायाचित्रात लांबी दिसते, रुंदी दिसते. जाडी मात्र दिसत नाही. आणि तलवारीचे मर्म जाडीतच आहे.

कागदावरची दोन पाती

हे समजण्यासाठी दोन पाती कागदावर तयार करू. दोन्हींची लांबी ८० सें.मी. आहे. पहिले पाते म्हणजे ५ सें.मी. रुंद आणि ५ मि.मी. जाड अशी सरळ पट्टी. तिचे आकारमान २०० घन सें.मी. होते. पोलादाची घनता दर घन सें.मी.ला ७.८५ ग्रॅम धरली, तर वजन १५७० ग्रॅम भरते. तिचा गुरुत्वमध्य बरोबर मध्यावर, मुठीपासून ४० सें.मी.वर असतो.

दुसरे पाते मुठीजवळ पहिल्याइतकेच रुंद आणि जाड आहे, पण टोकाकडे जाताना रुंदी आणि जाडी दोन्ही हळूहळू निम्म्यावर येतात. गणित केल्यास त्याचे वजन सुमारे ९१६ ग्रॅम येते आणि गुरुत्वमध्य मुठीपासून ३१.४ सें.मी.वर सरकतो. वजन पहिल्याच्या ५८ टक्के झाले. परंतु मुठीभोवतीचे जडत्व आघूर्ण, म्हणजे पाते फिरवायला आणि फिरताना थांबवायला हाताला होणारा विरोध, पहिल्याच्या केवळ ४० टक्के उरतो. कारण जडत्व आघूर्णात अंतराचा वर्ग येतो. टोकाजवळचा एक ग्रॅम मुठीजवळच्या अनेक ग्रॅमांना भारी पडतो.

लट्टूची लबाडी

युरोपीय तलवारीच्या मुठीच्या टोकाला एक जड लट्टू असतो. तो पात्याला तोलून धरतो. जुन्या तलवारींचा तोल साधारणपणे परजेपासून, म्हणजे मुठीपुढच्या आडव्या दांडीपासून, ८ ते १५ सें.मी.वर सापडतो. तेव्हा आपल्या दोन्ही पात्यांना परजेमागे १२ सें.मी.वर लट्टू बसवू आणि तोल परजेपुढे १२ सें.मी.वर आणू.

साध्या तराजूच्या नियमाने हिशेब केला तर सरळ पट्टीला १८३० ग्रॅमचा लट्टू लागतो, आणि पाते व लट्टू मिळून ३.४ किलो होतात. निमुळत्या पात्याला ७४० ग्रॅमचा लट्टू पुरतो, एकूण १.६६ किलो. आता आणखी एक सुधारणा करू. खऱ्या पात्याचा छेद पट्टीसारखा चौकोनी नसतो. तो भिंगासारखा मध्ये फुगीर आणि कडांना पातळ असतो. अशा छेदाचे क्षेत्रफळ चौकोनी छेदाच्या दोन-तृतीयांश धरता येते. त्या प्रमाणात पाते ६११ ग्रॅमवर आणि लट्टू ४९३ ग्रॅमवर येतो. बेरीज १.१ किलो. परज आणि मुठीचे लाकूड यांचे शंभरेक ग्रॅम धरले की आपण १.२ किलोच्या आसपास पोहोचतो. विदम नदीतल्या तलवारीचे वजन हेच आहे. आमचा हिशेब ठोकळ आहे, पण हलकेपणाचे रहस्य कोठे आहे हे तो पुरेसे स्पष्ट करतो.

यातून परीक्षकाने एक सावधगिरी शिकावी. ‘तोल बरोबर जागी आहे’ एवढ्यावर प्रतिकृती चांगली ठरवू नये. बोजड पात्यालाही जड लट्टू बसवून तोल हवा तेथे आणता येतो. तोल सुधारतो, पण एकूण वजन वाढते आणि जडत्व आघूर्ण काही कमी होत नाही. म्हणून तोलाबरोबर वजन घ्यावे आणि कॅलिपरने परजेजवळ, मध्यावर आणि टोकाजवळ पात्याची जाडी मोजावी. तिन्ही मापे जवळजवळ सारखी आली, तर निकाल तेथेच लागला.

लंबकाची कसोटी

जडत्व आघूर्णाची परीक्षा तलवार न फिरवता करता येते. पाते एका टोकाशी टांगून लंबकासारखे थोडे झुलू द्यावे आणि २० आंदोलनांचा वेळ मोजावा. वरची सरळ पट्टी मुठीकडील टोकाशी टांगली, तर २० आंदोलनांना सुमारे २९.३ सेकंद लागतील. निमुळत्या पात्याला सुमारे २७.४ सेकंद. त्यावरून लंबकाची तुल्य लांबी काढता येते. ती पट्टीसाठी ५३ सें.मी. आणि निमुळत्या पात्यासाठी ४६.५ सें.मी. येते. टांगलेल्या बिंदूपासून एवढ्या अंतरावर आघात झाला, तर त्या बिंदूला आडवा झटका बसत नाही. क्रिकेटची बॅट धरणाऱ्यांना अशा जागेचा अनुभव असतो.

या लंबकाचे गणित क्रिस्तिआन हायगेन्स यांनी १६७३ साली प्रसिद्ध केले. विदमची तलवार घडवणाऱ्या कारागिराला ते माहीत असणे शक्य नव्हते. पण किती पोलाद कोठून काढायचे, हे त्याचा हात जाणत होता. सूत्र नसणे म्हणजे ज्ञान नसणे नव्हे, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

पोलाद आणि शेपूट

आता धातूकडे वळू. हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफिल्ड येथे १९१३ साली क्रोमियमयुक्त, न गंजणारे पोलाद तयार केले. शोभेच्या बऱ्याच प्रतिकृती अशा पोलादाच्या असतात. चुंबक लावून ते ओळखता येईल असे समजू नये, कारण पात्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या स्टेनलेस पोलादाला चुंबक चिकटतो. ज्या प्रतिकृती साध्या कार्बन पोलादाच्या असतात, त्यांतले पोलाद मध्ययुगीन पोलादापेक्षा एकजिनसी असते. मालमोटारीच्या पाट्यांचे पोलाद पाहून तेराव्या शतकातला लोहार हरखून गेला असता. म्हणजे आज उणीव कच्च्या मालाची नाही. सारख्या जाडीच्या पत्र्यातून आकार कापणे झटपट होते. पाते टोकाकडे पातळ करत नेण्यास तास लागतात. प्रतिकृती स्वस्त होते ती हे तास वाचवून.

दुसरी बचत दिसतच नाही. जुन्या पात्याचे शेपूट पात्याशी एकसंध असे; ते मुठीतून आरपार जाऊन लट्टूबाहेर ठोकून पक्के केलेले असे. शोभेच्या प्रतिकृतीत पुष्कळदा बारीक सळई पात्याला जोडकाम करून बसवलेली असते. जोरात फिरवल्यास पाते त्याच सांध्यापाशी तुटून भिरकावले जाऊ शकते. म्हणून शोभेची तलवार कधीही फिरवून पाहू नये.

हजार वर्षांपूर्वीची नक्कल

दिसते तेवढेच उतरवायचे आणि न दिसणारे सोडून द्यायचे, ही युक्ती आजची नाही. नवव्या ते अकराव्या शतकांतल्या सुमारे १७० युरोपीय तलवारींवर ‘उल्फबेर्ट’ हे नाव कोरलेले आढळते. एवढा काळ एकच माणूस काम करणे अशक्य. तेव्हा ती एक प्रकारची छापच असली पाहिजे. अ‍ॅलन विल्यम्स यांनी यांतल्या काही तलवारींचे धातुशास्त्रीय परीक्षण करून २००९ साली निष्कर्ष मांडले. नावातील शेवटच्या अक्षराआधी क्रूस असलेल्या काही तलवारींचे पोलाद उत्तम होते. त्यात कार्बनचे प्रमाण एक टक्क्याच्याही वर होते. असे पोलाद मुशीत वितळवून करतात. दक्षिण भारतातले प्रसिद्ध ‘वूट्झ’ याच जातीचे. मात्र नाव संपल्यानंतर क्रूस असलेल्या अनेक तलवारींचे पोलाद हलक्या दर्जाचे निघाले. विल्यम्स यांच्या मते ही त्या काळातलीच नक्कल होय. पुढच्या काळात जर्मनीतील पासाऊ गावाची धावत्या लांडग्याची छाप झोलिंगेनच्या कारागिरांनीही वापरली. सतराव्या शतकात युरोपीय पाती आपल्याकडे येऊन, देशी मुठी बसवून ‘फिरंग’ म्हणून नावाजली गेली. त्याही बाजारात पात्यावरच्या छापेला मोल होते.

तेव्हा स्वस्त प्रतिकृती टाकाऊ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. नाटकासाठी, भिंतीसाठी ती चालेल. इतिहासाचा पुरावा म्हणून मात्र तिची साक्ष तपासूनच घ्यावी.

वर्गात तर तलवार आणण्याचीही गरज नाही. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळती अशी बांबूची काठी घ्या. ती आधी जाड टोकाशी आणि मग बारीक टोकाशी टांगून प्रत्येक वेळी २० आंदोलने मोजा. काठी तीच, वजन तेच. वेळ मात्र वेगळा येईल. मग विद्यार्थ्यांना ती दोन्ही टोकांनी हातात धरू द्या. कोणत्या टोकाला मूठ बसवावी, हे ठरवायला त्यांना फार वेळ लागणार नाही.