चुलीची काजळी आणि वज्रलेप

१/ गोदामांमुळे आज ओळखल्या जाणाऱ्या वळ गावाच्या भिवंडी तालुक्यातच लोनाडचे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. ते आपल्या काळ्या पाषाणाचे. हा दगड अभेद्य भासतो. परंतु त्यात सूक्ष्म छिद्रे असतात. पाणी, तेल, धूर त्यांत हळूहळू मुरतात. मग दगड राखावा कसा?

२/ पहिले उत्तर घरातले. चूल व तिचा ओटा यांवर शेणामातीचे पोतेरे फिरवले जाई. उष्णतेने लेप तडकला की पुन्हा नवा. हा लेप टिकाऊ नव्हता; म्हणूनच तो नित्य नवा होई.

३/ दुसरे उत्तर ग्रंथातले. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त एक संपूर्ण अध्याय ‘वज्रलेपा’ला दिला आहे.

४/ कृती अशी : कच्ची टेंभुर्णी व कवठ, सावरीची फुले, साळईचे बी, धामणीची साल आणि वेखंड एक द्रोण पाण्यात उकळून अष्टमांश काढा उरवावा. त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेल इत्यादी मिसळावे. हा लेप तापवून मंदिर, शिवलिंग, मूर्ती, भिंत, विहीर यांना द्यावा.

५/ यामागचे तत्त्व स्पष्ट आहे. राळ छिद्रे बुजवते, जवसाचे तेल हवेत सुकून कठीण पापुद्रा धरते, आणि तापवल्याने लेप पातळ होऊन खोल शिरतो.

६/ दुसऱ्या कृतीत लाखेसोबत एक घटक येतो : ‘गृहधूम’, म्हणजे चुलीच्या धुराची काजळी. स्वयंपाकघरातून झटकून टाकायची वस्तू देवाच्या मूर्तीची राखण करू लागली!

७/ वराहमिहिर म्हणतो, वज्रलेप एक कोटी वर्षे टिकतो. अनुभव निराळा आहे. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीची अभिषेक व पदस्पर्शाने झीज झाली. तिला इपॉक्सीचा लेप १९८८ मध्ये दिला. पुढे २००५, २०१२ आणि टाळेबंदीतील जून २०२० मध्ये पुन्हा लेपन करावे लागले. नाव जुनेच राहिले, ‘वज्रलेप’. द्रव्य मात्र बदलले.

८/ धोकाही आहे. लेपाने वाट बंद झाली, तर आत शिरलेले पाणी बाहेर पडू शकत नाही. त्यातील क्षार लेपाखाली स्फटिकरूप होतात, आणि लेपासह दगडाचा पापुद्राही सुटतो. म्हणून आजचे संवर्धनशास्त्र विचारते : हा लेप उद्या काढता येईल का?

९/ या कसोटीवर शेणामातीचे पोतेरे उतरते. कोटी वर्षांचा दावा उतरत नाही. एखाद्या प्राचीन मंदिरात चकाकणारा तैलरंग दिसला, तर त्याखाली दगड श्वास घेतो आहे का, हे अवश्य विचारा.